मुरलेला तवा आणि लोखंडी कढई : रुग्णाला नेमके काय सांगावे?

पांडुरोगाचा रुग्ण समोर बसला की आपण नेत्र, जिव्हा, नखे पाहतो. अग्नी, कोष्ठ, रजःप्रवृत्ती यांची चौकशी करतो. काय खाता, केव्हा खाता, विरुद्ध आहार घडतो का, हेही विचारतो. मात्र ते अन्न कोणत्या भांड्यात शिजते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? आम्ही स्वतः अनेक वर्षे तो विचारत नव्हतो. विचारू लागलो तेव्हा साधारणपणे दोन प्रकारची उत्तरे मिळू लागली. पहिले उत्तर असे : "सासूबाईंचा बिडाचा तवा माळ्यावर आहे, पण तो जड पडतो, पावसाळ्यात गंजतो. आता सगळे नॉन-स्टिकवरच करतो." दुसरे उत्तर याच्या अगदी उलट : "नॉन-स्टिकने कर्करोग होतो असे ऐकले. ती सगळी भांडी टाकून लोखंडी आणली. आता लोहाच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?"

पहिल्या उत्तरात अनास्था आहे, तर दुसऱ्यात अतिविश्वास. दोन्हींवर वैद्याने बोलणे आवश्यक आहे. कारण प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत तर ते राज्यात ६८.९ टक्के इतके होते. अशा प्रदेशात स्वयंपाकघरातील लोखंडाविषयी बोलताना अतिशयोक्ती आणि उपेक्षा दोन्ही टाळून, जे सिद्ध आहे तेवढेच सांगणे हे आपले कर्तव्य ठरते.

नॉन-स्टिकविषयी वस्तुस्थिती

नॉन-स्टिक भांड्यावरील लेप बहुधा पीटीएफई या पदार्थाचा असतो. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला शीतक वायूंवर काम करताना तो योगायोगाने सापडला. टेफ्लॉन हे त्याचे व्यापारी नाव. पुढे १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी तो अॅल्युमिनियमच्या भांड्यांवर बसवला आणि स्वयंपाकघरात त्याचा प्रवेश झाला.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली गोष्ट म्हणजे हा लेप स्वतः. तो रासायनिकदृष्ट्या अत्यंत निष्क्रिय आहे. त्याचा कण चुकून पोटात गेलाच, तर तो शोषला न जाता मलावाटे बाहेर पडतो. म्हणून ओरखडा पडलेल्या तव्यावर घावन खाल्ले या भीतीने आलेल्या रुग्णाला आपण धीरच द्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे लेप तयार करताना साहाय्यक म्हणून पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन. ते शरीरात व निसर्गात दीर्घकाळ टिकते. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्ग परिसरात कारखान्यातून ते पिण्याच्या पाण्यात मिसळले. त्या लोकसंख्येच्या अभ्यासातून वृक्क व वृषण यांचा कर्करोग, अवटू ग्रंथीचे विकार, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आदींशी त्याचा संभाव्य संबंध दिसून आला. २००६ साली अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने आठ मोठ्या उत्पादकांसह कार्यक्रम आखून २०१५ पर्यंत ते वापरातून काढण्याचे ठरवले. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात त्याचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोगजनक ठरवले. हा दोष प्रामुख्याने कारखान्याचा व दूषित पाण्याचा आहे. तव्यावरील घावनातून तो कर्करोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही अशी दीर्घजीवी फ्लोरिनयुक्त द्रव्ये घराघरांत हवीतच कशाला, हा विचार बळावतो आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अशी द्रव्ये हेतुपुरस्सर वापरलेल्या भांड्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

आपल्या दृष्टीने खरा धोका तिसऱ्याच ठिकाणी आहे, आणि तो म्हणजे अग्नी. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा लेप बिघडू लागतो. तापमान आणखी वाढून ३५० अंशांच्या आसपास गेले की त्यातून विषारी धूर निघतो. त्या धुराने माणसाला थंडी वाजून ताप, अंगदुखी व छातीत जडपणा अशी ज्वरसदृश लक्षणे होतात. घरातील पिंजऱ्यातला पोपट तर दगावू शकतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर हे तापमान काही मिनिटांतच गाठले जाते. आता आपली पाकपद्धती पाहा. भाकरी, पोळी, फुलका या सर्वांसाठी तवा आधी कोरडाच चांगला तापवावा लागतो. ज्या भांड्याला मंद आच हवी, त्यालाच आपण सर्वांत प्रखर आच देतो. म्हणून आपल्याकडे भाकरी-पोळीसाठी नॉन-स्टिक तवा हा अयोग्य पर्याय आहे, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो.

मुरलेला तवा म्हणजे काय?

बिडाचा किंवा लोखंडी तवा नवा असतो तेव्हा त्याला सर्व काही चिकटते. आजी-पणजीच्या तव्यावरून मात्र आंबोळी अलगद सुटते. या फरकाचे कारण तव्याच्या धातूत नसून त्यावर चढलेल्या काळ्या, गुळगुळीत थरात आहे. तेलाचा अत्यंत पातळ हात लावून तवा खूप तापवला की तेलातील असंतृप्त स्निग्धाम्लांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो, त्यांचे रेणू परस्परांत गुंफले जातात आणि तेलाचे द्रवरूप जाऊन एक कठीण पापुद्रा धातूला घट्ट धरून बसतो. ही क्रिया पुनःपुन्हा झाली की थरावर थर चढतात. लाकडावर जवसाच्या तेलाचा हात दिल्यावर ते सुकून कठीण होते, त्याच जातीची ही क्रिया आहे. सोलापूर-मराठवाड्याकडे परिचित असलेले करडईचे तेलही याच कारणाने तवा मुरवण्यास चांगले. तूप मात्र या कामी फारसे उपयोगी नाही. त्यात संतृप्त स्निग्धांश अधिक असल्याने ते असे घट्ट होत नाही.

या थराचे लाभ स्पष्ट आहेत. पदार्थ चिकटत नाही, तेल कमी लागते, तव्यात उष्णता टिकते, म्हणून थालीपीठ आतपर्यंत शिजून वरून खरपूस होते. थर बिघडला तर घरच्या घरी पुन्हा चढवता येतो. नॉन-स्टिकचा लेप गेला की भांडे टाकावे लागते. बिडाचा तवा मात्र सासूकडून सुनेकडे आणि तिच्याकडून नातीकडे जातो.

ग्रंथांतील लोहपात्र

लोहपात्राचे उल्लेख आपल्या संहितांत विखुरलेले आहेत. त्यांचा हेतू प्रत्येक ठिकाणी निराळा आहे, हे लक्षात घेऊन ते वाचले पाहिजेत.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या ४६ व्या अध्यायात, कोणता पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा हे सांगताना घृतासाठी काळ्या लोखंडाचे पात्र सांगितले आहे. मात्र खड, कट्वर यांसारख्या आंबट पदार्थांसाठी दगडी पात्र सांगितले आहे. स्निग्ध लोखंडात आणि अम्ल दगडात, हा विवेक विलक्षण आहे. कोकणात चिंच-कोकमाची आमटी दगडी भांड्यात करण्याची, आणि इतरत्र पितळेला कल्हई लावल्याखेरीज आंबट न शिजवण्याची रीत त्याच विवेकाची घरगुती रूपे होत. भावमिश्रांनी भावप्रकाशात कांतलोहाच्या पात्रातील भोजन शोथ, पांडू व कामला यांत हितकर आणि बल्य मानले आहे. आपल्या चिकित्साग्रंथांत पांडुरोग्यास लोहपात्रात उकळलेले दूध सात दिवस पथ्यपूर्वक देण्याचा योगही आढळतो.

सर्वांत बोलका उल्लेख चरकसंहितेतील आहे. चिकित्सास्थानाच्या रसायनाध्यायातील तिसऱ्या पादात त्रिफळा रसायनाचा एक प्रयोग दिला आहे. लोखंडी पात्राला त्रिफळेचा कल्क लावावा, एक अहोरात्र तसाच ठेवावा आणि मग मधाच्या पाण्यातून घ्यावा. त्या पात्राला चरकाचार्यांनी एक विशेषण जोडले आहे, ते म्हणजे 'नवे'. जुने, वापरून गुळगुळीत झालेले पात्र त्यांना अभिप्रेत नाही. नवे लोखंड, त्यावर अम्ल व कषाय रसाचा ओला कल्क आणि अहोरात्र संपर्क : लोहाचा अंश द्रव्यात उतरावा यासाठी याहून नेमकी योजना सांगणे कठीण. कल्क काळा पडतो तो त्रिफळेतील कषाय द्रव्यांचा लोहाशी संयोग झाल्यामुळेच.

यावरून या लेखातील मुख्य मुद्दा उलगडतो. चरकाचार्यांना लोह पात्रातून बाहेर यावयास हवे होते, म्हणून त्यांनी नवे पात्र घेतले. गृहिणीला पदार्थ तव्याला चिकटावयास नको असतो, म्हणून ती जुना, मुरलेला तवा घेते. या दोन गुणांचा एकमेकांशी विरोध आहे. तेलाचा थर जितका चांगला, तितका लोहाचा अन्नाशी संपर्क कमी. 'मुरलेला तवा वापरा, चिकटणार नाही आणि लोहही भरपूर मिळेल' हे आपल्या तोंडून सहज निघणारे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे.

तवा निराळा, कढई निराळी

आधुनिक अभ्यासांतूनही हेच दिसते. १९८६ साली अमेरिकेत ब्रिटिन व नॉसमन यांनी विविध पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून त्यांतील लोह मोजले. सफरचंदाच्या आंबटसर गरात १०० ग्रॅममागे ०.३५ मि.ग्रॅ. लोह होते, लोखंडी भांड्यात शिजवल्यावर ते ७.३८ मि.ग्रॅ. झाले. टोमॅटोयुक्त रश्श्यात ते ०.६१ वरून ५.७७ मि.ग्रॅ. वर गेले. पदार्थ जितका ओला, जितका आंबट आणि जितका वेळ शिजणारा, तितके लोह अधिक उतरते. कोरडे व झटपट होणारे पदार्थ फारसे लोह घेत नाहीत. भांडे जसजसे वापरून मुरते, तसतसे हे प्रमाण घटते. प्रौढ भारतीय स्त्रीची दैनंदिन लोहाची गरज २०२० च्या राष्ट्रीय शिफारशींनुसार २९ मि.ग्रॅ. आणि पुरुषाची १९ मि.ग्रॅ. आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

म्हणून आम्ही रुग्णांना दोन भांड्यांविषयी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. तवा भाकरी, पोळी, थालीपीठ, धिरडे यांसाठी. तो मुरवून गुळगुळीत ठेवावा. तेथे लाभ आहे तो लेपविरहित, प्रखर आच सोसणाऱ्या आणि टिकाऊ भांड्याचा. त्यातून लोह मिळालेच तर अल्प. कढई पिठले, पातळ पालेभाजी, टोमॅटोची भाजी यांसाठी. तिच्यातून लोह मिळण्याची शक्यता अधिक. तिच्यावरचा थर थोडा उतरला तरी खंत नसावी. मात्र पदार्थ शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावा. वांगे, कच्ची केळी यांसारखे कषाय पदार्थ लोखंडात काळे पडतात आणि फार आंबट पदार्थांना धातूची चव येते. ते अपायकारक नसले तरी अरुची निर्माण करतात, आणि रुग्ण अन्नच कमी खाऊ लागला तर आपला हेतू फसतो.

अशा अन्नामुळे हिमोग्लोबिन खरोखर वाढते का? १९९९ साली 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथिओपियातील अभ्यासात ४०७ बालकांच्या घरी लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची भांडी दिली होती. वर्षभरानंतर लोखंडी भांड्यांच्या गटात हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने, तर अॅल्युमिनियमच्या गटात ०.४ ग्रॅमने वाढले. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. मात्र कंबोडियात शिजत्या अन्नात माशाच्या आकाराचा लोखंडी ठोकळा टाकण्याच्या उपायाची २०१७ मध्ये चाचणी झाली, तेव्हा लाभ दिसला नाही. तेथील रक्तक्षयाच्या मुळाशी लोहाची कमतरता थोडी आणि हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष बरेच होते. विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार येथे सिकलसेलचे रुग्ण पाहणाऱ्या वैद्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. प्रत्येक पांढुरकेपणा लोहक्षयाचा नसतो.

आमची एक चूक

येथे स्वतःची चूक सांगणे उचित वाटते. काही वर्षांपूर्वी एका गर्भिणीला आम्ही आहाराविषयी सांगताना लोखंडी कढईचे गुण विस्ताराने सांगितले. गोळ्या चालू ठेवा, हे वाक्य मात्र आम्ही गृहीत धरले, उच्चारले नाही. तिला त्या गोळ्यांनी मलावष्टंभ होत असे. कढई आहेच, या समजुतीने तिने गोळ्या सोडल्या. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन वाढण्याऐवजी खाली आलेले दिसले. वेळीच लक्षात आल्याने उपचार पुन्हा सुरू झाले आणि प्रसूती सुखरूप झाली. परंतु त्या दिवसापासून लोहपात्राविषयी बोलताना पहिले वाक्य आम्ही हेच म्हणतो : कढई हे पथ्य आहे, औषध नव्हे.

या संदर्भात आणखी एक गल्लत टाळावी. तव्याचे लोह म्हणजे लोहभस्म नव्हे. रसशास्त्रात मुंड, तीक्ष्ण, कांत असे भेद करून, तापवून तैल, तक्र, गोमूत्र, कांजी, कुळथाचा काढा यांत वारंवार विझवून शोधन आणि त्यानंतर मारण सांगितले आहे. भांड्यातून अन्नात उतरणारा अल्प अंश या संस्कारांतून गेलेला नसतो. त्याला नवायस लोह किंवा पुनर्नवा मंडूर यांची योग्यता देणे शास्त्राला धरून होणार नाही.

काही रुग्णांना लोखंडी कढईचा आग्रह करूच नये. थॅलेसेमियाचे आणि वारंवार रक्त घ्यावे लागणारे सिकलसेलचे रुग्ण यांच्या शरीरात लोहाचा संचय आधीच होत असतो. आनुवंशिक लोहसंचयाच्या विकारातही हेच लागू आहे. दक्षिण आफ्रिकेत लोखंडी पिंपात आंबवलेली घरगुती बिअर पिणाऱ्यांमध्ये यकृतात लोह साठण्याचा विकार दिसून आला होता. अतियोगही घडू शकतो, हे त्यावरून कळते.

तवा मुरवण्याची रीत

रुग्णांना ही रीत तोंडी सांगण्यापेक्षा लिहून दिल्यास बरे पडते.

१. नव्या तव्यावर गंज चढू नये म्हणून लावलेले तेल असते. गरम पाणी, साबण व काथ्याने तवा एकदा नीट घासून घ्यावा आणि आचेवर पूर्ण कोरडा करावा.

२. करडई, शेंगदाणा किंवा जवस यांपैकी एका तेलाचे चार थेंब सुती फडक्याने सर्वत्र चोळावेत आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून टाकावेत. तेल दिसता कामा नये. जाड लावले तर थर चिकट राहतो.

३. खिडक्या उघड्या ठेवून तवा मध्यम आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवावा व आपोआप निवू द्यावा. असे चार-पाच वेळा करावे.

४. पहिले काही दिवस कांद्याची अर्धी फोड तेलात बुडवून तवाभर फिरवावी आणि त्यावर घावन, धिरडी करावीत. पहिली दोन-तीन चिकटतील. त्याने निराश होऊ नये.

५. वापरानंतर तवा कोमट असताना पाण्याने धुवावा, लगेच आचेवर सुकवावा व तेलाचा हात लावून ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही शेवटची पायरी कधीही चुकवू नये. तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतल्यास तवा तडकतो.

६. गंज आला किंवा थराच्या खपल्या सुटू लागल्या तर घासून काढावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. तवा वाया जात नाही.

मनगट किंवा खांद्याच्या संधिविकाराने पीडित वृद्धेला मात्र बिडाचे ओझे सांगू नये. पत्र्याचा हलका लोखंडी तवा तिला पुरेसा आहे. ज्या घरात नॉन-स्टिक आहेच, तेथे ते मंद आचेवर, कधीही रिकामे न तापवता, लाकडी उलथण्याने वापरावे आणि लेप खराब झाला की बदलावे, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. भीती घालून भांडी फेकावयास लावणे हे वैद्याचे काम नव्हे.

समारोप

आमची सूचना अशी की, आपल्या रुग्णपत्रिकेत आहाराच्या रकान्याखाली एक ओळ वाढवावी : 'अन्न कोणत्या भांड्यात शिजते?' पांडूच्या रुग्णाला त्यापुढे तीन गोष्टी सांगाव्यात. ओली, किंचित आंबट भाजी लोखंडी कढईत करावी. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणासोबत चहा नसावा, कारण आंबटाने लोहाचे शोषण वाढते व चहाने ते घटते. आणि चालू असलेले औषध वैद्याला विचारल्याशिवाय थांबवू नये. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे आणि दोन्ही आकडे पत्रिकेत नोंदवावेत. संघटनेच्या सभासदांनी अशा नोंदी काही वर्षे काळजीपूर्वक ठेवल्या, तर आपल्या प्रदेशातील अन्न, पाणी व भांडी यांविषयी आपल्याला परदेशी अभ्यासांवर अवलंबून राहावे लागणार नाही.

माळ्यावरचा तवा खाली उतरवणे सोपे आहे. तो उतरवताना त्याच्याकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे रुग्णाला प्रांजळपणे सांगणे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे.